दोन रकान्यांत न मावणारी माणसे

खातेवहीच्या पानाला दोन बाजू असतात आणि प्रत्येक रकमेला नावे किंवा जमा यांपैकी एक बाजू घ्यावीच लागते, हा हिशेबशास्त्राचा पहिला धडा होय. पैशाच्या व्यवहारात हा नियम उपकारक आहे. तोच माणसांना लावला म्हणजे काय होते, याचे एक मार्मिक चित्र ‘द सिम्पथायझर’ या कादंबरीत आले आहे. व्हिएतनाममध्ये जन्मलेल्या आणि १९७५ साली लहानपणीच निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेल्या व्हिएत थान न्युएन यांची ही कादंबरी २०१५ साली प्रसिद्ध झाली व पुढील वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. तिचा निवेदक हा फ्रेंच धर्मोपदेशक पिता आणि व्हिएतनामी माता यांचा मुलगा. सायगावच्या पतनानंतर तो अमेरिकेत एका महाविद्यालयाच्या प्राच्यविद्या विभागात कारकुनी करू लागतो. विभागप्रमुख विद्वान आहेत, सौजन्यशीलही आहेत. ते त्याला एक गृहपाठ देतात. कागदाला मधोमध घडी घालावयाची. एका बाजूस आपल्या अंगचे पौर्वात्य गुण लिहावयाचे आणि दुसऱ्या बाजूस पाश्चात्त्य.

या प्रसंगात कोणी कोणाला शिवी दिलेली नाही. नोकरी नाकारलेली नाही, की दाराबाहेर काढलेले नाही. उलट विभागप्रमुखांच्या मनात त्या तरुणाविषयी आस्थाच आहे. तरीही वाचक अस्वस्थ होतो. कारण त्या महाविद्यालयात कोणाही गोऱ्या माणसाला आपल्या स्वभावाची अशी फाळणी करून दाखवावी लागलेली नाही. तेथील गोऱ्या अध्यापकाचा तापटपणा हा त्याचा स्वतःचा तापटपणा असतो. या कारकुनाचा मात्र कोणत्या तरी खंडाचा असावा लागतो.

आशियाई आणि युरोपीय अशा मिश्र वंशात जन्मलेल्या माणसांविषयी गेल्या तीन-चार दशकांत इंग्रजीत जे कथात्म साहित्य लिहिले गेले, त्यातील बऱ्याच लेखनाचा गाभा हा आहे. कायद्याने मनाई केलेला भेदभाव दप्तरात सापडतो. त्याच्या तक्रारी होतात, खटले चालतात. कायदा बदलल्यानंतर जो उरतो तो सौजन्याच्या भाषेत बोलतो. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. ती कादंबरीत होते, आणि म्हणून अर्थशास्त्राच्या अध्यापकानेही या कादंबऱ्या वाचाव्यात, असे मला वाटते.

जन्माचा बाजारभाव

हा प्रश्न आजचा नाही. इंग्रज व्यापारी पिता आणि चिनी माता यांच्या दोन मुलींची हकीकत या संदर्भात उद्‌बोधक आहे. थोरली एडिथ ईटन १८६५ साली इंग्लंडमध्ये जन्मली. धाकटी विनिफ्रेड १८७५ साली कॅनडात, मॉन्ट्रियल येथे. दोघी लेखिका झाल्या. त्या काळी अमेरिकेत चिनी माणसाविषयी उघड द्वेष होता. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेशबंदीच केली होती. जपान मात्र पाश्चात्त्य वाचकाला मोहक वाटत असे. थोरलीने ‘सुई सिन फार’ हे चिनी नाव घेऊन चिनी वस्तीतील माणसांच्या कथा लिहिल्या. धाकटीने ‘ओनोटो वाटाना’ असे जपानी वाटणारे नाव घेतले आणि जपानी प्रेमकथा लिहून मोठा वाचकवर्ग मिळवला. रक्त एकच, घर एकच. परंतु बाजारात चीनचा भाव पडलेला आणि जपानचा चढलेला. धाकट्या बहिणीला दोष देणे सोपे आहे. ज्या बाजाराने जन्माला भाव लावला, त्याला मात्र कोणी जाब विचारीत नाही.

सुई सिन फार हिने १९०९ साली लिहिलेल्या आत्मपर निबंधात एक प्रसंग सांगितला आहे. एका लहान गावी ती नोकरीस असताना भोजनप्रसंगी तिचा मालक आणि इतर मंडळी चिनी लोकांविषयी तुच्छतेने बोलू लागली. तिच्या चेहऱ्यावरून कोणाला संशय येण्याजोगे काही नव्हते. गप्प बसली असती तर काहीच बिघडले नसते. तिने मान वर करून आपण चिनी असल्याचे सांगितले. मालकाने क्षमा मागितली, हे त्याच्या पदरी पुण्य टाकावयास हवे. परंतु त्या क्षमेचा अर्थ काय? समोर ‘त्यांच्यापैकी’ कोणी बसले आहे हे कळल्यावरच ती क्षमा आली. मिश्र वंशाच्या माणसाला दोन्ही घरांतील माजघरात प्रवेश असतो, आणि एका घराविषयी दुसऱ्या घरात काय बोलले जाते ते त्यालाच ऐकावे लागते. पूर्ण परक्याला निदान हे ऐकणे तरी चुकते.

आपापल्या डब्यात परत

जुन्या कादंबऱ्यांनी या माणसांची एक ठरीव प्रतिमा तयार केली होती. मिश्र रक्ताचे पात्र आले की ते देखणे असावयाचे, चंचल असावयाचे, आणि शेवटी त्याची शोकांतिका तरी व्हावयाची किंवा ते ‘आपल्या जागी’ परत तरी जावयाचे. जॉन मास्टर्स यांची १९५४ सालची ‘भोवानी जंक्शन’ ही कादंबरी याचे ठळक उदाहरण. आपल्याकडे भुसावळ, इगतपुरी यांसारख्या रेल्वेच्या गावांत एकेकाळी जो अँग्लो-इंडियन समाज नांदत होता, त्याच समाजाची ही कथा. सत्तांतराच्या उंबरठ्यावरील दिवसांत नायिका व्हिक्टोरिया जोन्स ही एका शीख तरुणाकडे झुकून पाहते, एका इंग्रज सेनाधिकाऱ्याकडे झुकून पाहते, आणि अखेरीस आपल्याच समाजातील रेल्वे कर्मचाऱ्याकडे परतते. कादंबरी वेगवान आहे, काही ठिकाणी सहृदयही आहे. पण तिची रचना आगगाडीसारखी आहे. प्रवासी काही काळ दुसऱ्या डब्यात बसून येतो, आणि शेवटच्या स्थानकापूर्वी त्याला त्याच्या तिकिटाच्या डब्यात पोहोचवले जाते.

या समाजाकडे पाहण्याची आपल्या राज्यघटनेची दृष्टी उदार होती हे खरे. तरीही अनुच्छेद ३६६ मधील व्याख्येने अँग्लो-इंडियन कोण, हे पुरुषवंशावरून ठरविले; बाप किंवा बापाकडील कोणी पूर्वज युरोपीय हवा. आई युरोपीय आणि बाप भारतीय असलेले मूल त्या व्याख्येत बसत नाही. लोकसभेत व विधानसभांत या समाजाच्या प्रतिनिधींची नियुक्ती करण्याची तरतूदही एकशे चौथ्या घटनादुरुस्तीनुसार जानेवारी २०२० मध्ये संपुष्टात आली. ॲलन सीली यांनी १९८८ साली ‘द ट्रॉटर-नामा’ ही याच समाजाची सात पिढ्यांची खट्याळ बखर लिहिली आणि तिला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. परंतु भोवानीचे नाव ठाऊक असलेल्या किती वाचकांना ट्रॉटर घराणे ठाऊक आहे? बाहेरच्याने लिहिलेली शोकांतिका लक्षात राहते. घरच्याने केलेला विनोद राहत नाही.

रंगवलेला मोगली

हनीफ कुरेशी यांची ‘द बुद्ध ऑफ सबर्बिया’ (१९९०) ही कादंबरी या बाबतीत नवे वळण घेते. नायक करीम अमीर याचा बाप मुंबईहून इंग्लंडला गेलेला, आई इंग्रज. काळ १९७० नंतरचा, स्थळ लंडनचे दक्षिण उपनगर. पहिल्याच वाक्यात करीम आपले इंग्रजपण जाहीर करतो आणि लगेच थोडा हात आखडता घेतो. त्याला नट व्हावयाचे असते. पहिली भूमिका मिळते ती ‘जंगल बुक’मधील मोगलीची. दिग्दर्शकाला त्याचा रंग पुरेसा सावळा वाटत नाही, म्हणून अंगाला तपकिरी रंग फासला जातो. त्याचे बोलणे लंडनच्या कोणत्याही पोरासारखे आहे, म्हणून त्याने भारतीय धाटणीचे इंग्रजी बोलावे असा हुकूम होतो. जो देश त्याने पाहिलेला नाही, त्या देशाचे उच्चार त्याला तालमीत शिकावे लागतात.

येथे भेदभावाची गंमत पाहण्यासारखी आहे. करीमला काम नाकारलेले नाही. काम दिलेले आहे. परंतु ते त्याच्या अभिनयासाठी दिलेले नाही. प्रेक्षकांच्या मनातील भारत त्याने आणून द्यावा, या अटीवर दिलेले आहे. तो नाही म्हणाला तर संधी गेली. हो म्हणाला तर स्वतःची थट्टा स्वतःच करावयाची. प्रयोग पाहिल्यावर त्याच्या जवळची माणसे त्यालाच दोष देतात, आणि त्यांचेही चूक नाही. ‘द सिम्पथायझर’मधील जपानी वंशाची सचिव सोफिया मोरी हिचीही हीच कथा. जन्म अमेरिकेतला, पण तिला जपानी येत नाही याचे तिच्या विभागप्रमुखांना वैषम्य वाटते. आयरिश आजोबांच्या नातवाला आयरिश भाषा येते की नाही, हे तेथे कोणी तपासून पाहत नाही.

निळ्या डोळ्यांची मुलगी

यापेक्षाही आतली गोष्ट सेलेस्ट इंग यांनी ‘एव्हरीथिंग आय नेव्हर टोल्ड यू’ (२०१४) या कादंबरीत सांगितली आहे. ओहायो राज्यातील एका कल्पित लहान गावातील हे १९७७ सालचे कुटुंब. जेम्स ली हा चिनी वंशाचा इतिहासाचा प्राध्यापक; विषय कोणता, तर अमेरिकेच्या अस्सल अमेरिकनपणाचे प्रतीक जो काऊबॉय, तो. पत्नी मॅरिलिन व्हर्जिनियाची, गोरी. १९५८ साली त्यांचा विवाह झाला तेव्हा तो व्हर्जिनियात कायदेशीर ठरला नसता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असले कायदे रद्द ठरवले ते १२ जून १९६७ रोजी, आणि तोवर सोळा राज्यांत ते अमलात होते. म्हणजे कादंबरीच्या वेळी कायदा बदलून दहा वर्षे झालेली आहेत. लग्नाच्या दिवशी मॅरिलिनच्या आईने मुलांचे काय होईल, ती कोठलीच राहणार नाहीत, असा इशारा दिलेला असतो. त्यानंतर मायलेकींची भेट होत नाही.

या दांपत्याला तीन मुले. मधली लिडिया आईचे निळे डोळे घेऊन आली, म्हणून दोघांच्याही आशा तिच्यावर. बापाला जन्मभर एकटेपण भोगावे लागले, त्याला वाटते हिला भरपूर मैत्रिणी असाव्यात. आईचे डॉक्टर होणे राहून गेले, तिला वाटते हिने ते करावे. शाळेत लिडियाला मैत्रिणी नाहीत. बापाचे समाधान व्हावे म्हणून ती दूरध्वनीचा रिसीव्हर कानाला लावून कोणाशी तरी गप्पा मारीत असल्याचे नाटक करते. पलीकडे कोणीही नसते. पुढे ती तळ्यात बुडून मरते, आणि कादंबरीची सुरुवातच या मृत्यूपासून होते.

लिडियाला कोणी मारहाण केलेली नाही. पोहण्याच्या तलावावर भावाची झालेली थट्टा, दुकानात वळून पाहणारी नजर, वर्गात शेजारी रिकामी राहणारी जागा, एवढेच घडले आहे. कोणत्या कलमाखाली हे नोंदवावयाचे? मृत्यूनंतर गावातील वर्तमानपत्रही ती मुलगी शाळेतील दोनच आशियाई विद्यार्थ्यांपैकी एक होती, हे आवर्जून छापते. जणू कारणमीमांसा झाली. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट अशी की, बाहेरचा हा दाब घरात प्रेमाच्या रूपाने शिरतो. बाप मुलीला छळत नाही. आपल्या वाट्याला आले ते तिच्या वाट्याला येऊ नये म्हणून तो तिला दुसरी कोणी तरी बनवू पाहतो.

जकातीचा हिशेब

यावर एक रास्त आक्षेप घेतला जाईल. ज्या जगात भूक आहे, जातीवरून खून होतात, तेथे या सुखवस्तू माणसांच्या मनाच्या ओरखड्यांचे एवढे कौतुक कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. सर्व दुःखे एका तागडीत तोलू नयेत, हे मान्यच आहे. परंतु लहान रक्कम म्हणजे क्षुल्लक रक्कम, हे गणित अर्थशास्त्रात टिकत नाही.

भेदभावाच्या अर्थशास्त्राचा पाया गॅरी बेकर यांनी १९५७ साली घातला. भेदभाव करणारा हा आपल्या आवडीची किंमत मोजण्यास तयार असतो, असे त्यांनी मांडले. पुढे एडमंड फेल्प्स आणि केनेथ ॲरो यांनी दाखवले की, मनात द्वेष नसतानाही भेदभाव होतो. समोरच्या व्यक्तीची माहिती अपुरी असली की माणूस तिच्या गटाच्या सरासरीवरून अंदाज बांधतो. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रसिद्धच आहे. पात्रता सारखीच ठेवून केवळ नावे बदललेले अर्ज खासगी आस्थापनांकडे पाठविले असता, दलित व मुस्लिम नावांच्या अर्जदारांना बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या अर्जदारापेक्षा कमी आढळली. हा भेदभाव मोजता आला, कारण अर्ज मोजता येतात.

पण ज्या करीमने अर्जच केला नाही, जी लिडिया बोललीच नाही, त्यांचे काय? मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर संपली. जकातीविरुद्ध आमची तक्रार केवळ रकमेबद्दल कधीच नव्हती. नाक्यावर ट्रक तासन्‌तास थांबे, कागद तपासले जात, आणि कित्येक व्यापारी त्या रस्त्याने माल आणण्याचेच सोडून देत. न झालेला व्यापार कोणत्याही पावतीवर दिसत नाही. ‘तुम्ही मूळचे कोठले?’ हा प्रश्न एकदा विचारला तर ती चौकशी असते. शाळेत, दुकानात, मुलाखतीत, लग्नघरात तोच प्रश्न त्याच एका माणसाला पुन्हापुन्हा विचारला गेला आणि शेजारच्याला कधीच विचारला गेला नाही, की ती जकात होते. वसूल करणाऱ्या प्रत्येकाला वाटते, आपण एक पैसाच तर घेतला. देणारा मात्र हळूहळू रस्ता बदलतो. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ चेस्टर पिअर्स यांनी अशा सूक्ष्म आघातांना १९७० च्या सुमारास नाव दिले, तेही त्यांच्या साचत जाण्यावर बोट ठेवून.

शासकीय शिरगणतीनेही आपले रकाने थोडे सैल केले आहेत. अमेरिकेत २००० सालापासून एकाहून अधिक वंशांवर खूण करता येते. २०१० मध्ये तसे करणारे सुमारे ९० लाख होते. २०२० मध्ये ३ कोटी ३८ लाख झाले. यातील पुष्कळशी वाढ प्रश्नाची मांडणी आणि उत्तरांची नोंद सुधारल्यामुळे आहे, असे तेथील शिरगणती खात्यानेच सांगितले आहे. यात मला मोठा बोध दिसतो. माणसे पूर्वीही होती; ती मावतील असा प्रश्न विचारला गेला नव्हता.

माझ्या वर्गातील एक नोंद

हे सारे परक्या देशांविषयी लिहून थांबलो असतो तर सोयीचे झाले असते. परंतु एक जुने देणे आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. वडील सातारा जिल्ह्यातले, सैन्यातून निवृत्त झालेले, आई मिझोरामची. मुलीचा चेहरा आईचा. तिने लिहिलेला एक निबंध मला फार आवडला आणि भर वर्गात मी म्हणालो, “तुझे मराठी किती शुद्ध आहे! कोठे शिकलीस?” ती म्हणाली, “घरीच, सर.” मागच्या बाकांवर कोणी तरी हसले. मी स्तुती केली होती. मला त्यात काहीच वावगे वाटले नाही.

त्यानंतर त्या मुलीने मला वर्गात मराठीतून प्रश्न विचारला नाही. जे विचारावयाचे ते इंग्रजीतून विचारी. मी ते तिच्या महत्त्वाकांक्षेचे लक्षण समजलो. करीमच्या तालमीचे प्रकरण वाचले तेव्हा कोठे मला त्या इंग्रजीचा अर्थ लागला. साताऱ्याच्या दुसऱ्या कोणत्याही मुलीला मी मराठी कोठे शिकलीस असे विचारले नसते. तिच्या मातृभूमीचा एक अर्धा भाग मी कौतुकाच्या स्वरात तिच्याकडून काढून घेतला होता. ती पदवी घेऊन गेली. क्षमा मागावयाची राहून गेली.

कादंबऱ्या वाचून माणूस सुधारतो, असा माझा दावा नाही. त्या वाचून एवढेच होते की, ज्या व्यवहारात आपण नेहमी घेणारे असतो त्यातील देणाऱ्याची बाजू एकदा तरी दिसते. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांत आज कितीतरी नातवंडे अशी आहेत की, ज्यांची आजी एकीकडे पुण्याची आणि दुसरीकडे टोकियोची किंवा डब्लिनची आहे. ती सुट्टीत येतात तेव्हा आपणही लाडाने विचारतो, ‘तू कोणासारखा, बाबांसारखा की आईसारखा?’ मूल हसते. कागदाची घडी तेथेच पडते.

येत्या जूनमध्ये नवा वर्ग येईल. हजेरीपटावर काही नावे अशी असतील की, नाव आणि आडनाव यांचा मेळ माझ्या कानाला बसणार नाही. किंवा नाव आणि चेहरा यांचा. त्या नावापाशी माझा आवाज आजवर नकळत थबकत आला आहे. या वर्षी मी ते नाव वाचीन, ‘हजर’ ऐकेन, आणि पुढचे नाव घेईन.